अलिशिया कीजचं 'फॉलिन' कीबोर्ड आणि कहोनवर बसवायचं आहे: पट्टी, ठेका, कॉर्ड याबद्दल मदत हवी

सुरपेटी_४४

मंडळाच्या कार्यक्रमात 'फॉलिन' घेतोय. गायिकेचं शास्त्रीय शिक्षण झालेलं आहे, इंग्रजी गाण्यांचा सराव बेताचा. साथीला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, एक कहोन (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी) आणि मागे गाणाऱ्या तिघी. शेवटी गिटारही येईल कदाचित.

१. नेटवर कॉर्ड दोनच दिसतात, ई मायनर आणि बी मायनर सेव्हन. खरंच एवढंच आहे का?
२. टेम्पो कुठे ९६ तर कुठे ६४ दिलाय. कोणता धरायचा?
३. गायिकेची नेहमीची पट्टी काळी ५ आहे. त्याच पट्टीत लावावं का?
४. सुरुवातीला वाद्यं नसताना जो आवाज येतो, त्यानंतर पियानो शिरला की दरवेळी सूर वेगळा निघतो. त्यावर उपाय काय?

---

कीबोर्डवाला_नगर

हो, दोनच. ई मायनर म्हणजे ई-जी-बी आणि बी मायनर सेव्हन म्हणजे बी-डी-एफ शार्प-ए. पहिल्यापासून शेवटपर्यंत ह्याच दोन आलटून पालटून. अंतऱ्याला वेगळी कॉर्ड नाही आणि शेवटी पट्टीही चढत नाही. त्यामुळे कॉर्ड पाठ करायला पाच मिनिटं पुरतात, सगळा वेळ जातो तो हाताच्या मांडणीत आणि थर रचण्यात.

एक चालणारी मांडणी देतो. ही रेकॉर्डवरची नोट-टू-नोट नक्कल नाही, पण ६१ पट्ट्यांवर नीट बसते.

डावा हात: ई मायनरला खालचा ई. ६१ च्या कीबोर्डवर सर्वांत डावीकडचा सी धरून तिसरी पांढरी. बी मायनरला त्याच्या वरचा बी. खालचा बी ह्या कीबोर्डवर नसतोच, म्हणून बेस वर जाऊन परत खाली येतो. ऐकायला बरं वाटतं.

उजवा हात: ई मायनरला जी-बी-ई, बी मायनर सेव्हनला एफ शार्प-ए-डी. बघा, तिन्ही बोटं जेमतेम एकेक घर खाली सरकतात, हात उचलावाच लागत नाही. मूळ स्थितीतल्या कॉर्ड धरून ई वरून बी वर उडी मारणारे वादक इथेच फसतात: गाणं उचकी लागल्यासारखं ऐकू येतं.

आता सहा मात्रांत एकेक स्वर असा सोडायचा: ई (डावा), जी, बी, ई, बी, जी. पुढच्या सहात: बी (डावा), एफ शार्प, ए, डी, ए, एफ शार्प. पहिल्या मात्रेवर वजन, चौथीवर थोडं कमी, बाकीच्या हलक्या. कीबोर्डवर टच रिस्पॉन्स (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त होण्याची सोय) बंद असेल तर हे सगळं सपाट होईल, आधी तो चालू करा.

पेडल: दर कॉर्डच्या पहिल्या मात्रेला. नवा बेस वाजतो त्याच क्षणी पाय वर, लगेच परत खाली. आधी पाय उचललात तर फट पडते. उशीर केलात तर मागच्या कॉर्डचा जी आणि नव्या कॉर्डचा एफ शार्प एकत्र घुमतात. दोघांत अर्ध्या स्वराचं अंतर, म्हणजे नुसता गढूळपणा.

आणि कृपा करून बी मायनर सेव्हनच्या जागी बी सेव्हन वाजवू नका. काही कॉर्ड-साइटवर तसं दिलेलं असतं. बी सेव्हनमध्ये डी शार्प येतो, गाण्यात डी आहे. गायिका डी गाणार, तुम्ही डी शार्प वाजवणार आणि लोक म्हणणार गायिका बेसूर आहे.

---

मंद्रसप्तक

नगरकरांचा शेवटचा मुद्दा गायिकेच्या भाषेत सांगतो. ई हा सा धरला तर ह्या गाण्यात ग, ध, नि कोमल, म्हणजे आसावरी थाटाचे स्वर. शुद्ध निषाद नाही. ई मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. बी मायनर सेव्हन म्हणजे प, कोमल नि, रे, म. धून बहुतेक करून सा-ग-म-प-नि एवढ्यातच फिरते, धानीचे स्वर म्हणा हवं तर. राग म्हणून मांडायला जाऊ नका मात्र. कोमल धैवतावर न्यास केला की लगेच दुसरंच काहीतरी उभं राहतं.

पट्टीबद्दल. "माझी काळी ५" ह्याचा अर्थ तिचा मधला सा ए शार्पवर आहे, आणि ख्याल-भजनाला तो योग्यच. पण म्हणून हे गाणं ए शार्प मायनरमध्ये लावलंत तर मूळ पट्टीपेक्षा ते सहा अर्धस्वर चढतं किंवा सहा अर्धस्वर उतरतं. दोन्ही बाजूंनी पंचाईत. वरच्या ओळी किंचाळीत जातील, नाहीतर खालच्या ओळी माइकवर पोचणार नाहीत. इथे पट्टी सा वरून ठरवायचीच नाही. गाण्यातली सर्वांत खालची आणि सर्वांत वरची अशा दोनच ओळी मूळ पांढरी ३ मध्ये, म्हणजे सा ई वर धरून, गाऊन घ्या. खालची ओळ बोलल्यासारखी सहज निघाली आणि वरची पूर्ण छातीच्या आवाजात, दोनदा लागोपाठ, घसा न आवळता निघाली तर पट्टी बरोबर. नाहीतर एकेक अर्धस्वर खाली या.

बहुतेकींना मूळ किंवा पांढरी २ पुरते. पांढरी २ चा फायदा असा की कॉर्ड डी मायनर (डी-एफ-ए) आणि ए मायनर सेव्हन (ए-सी-ई-जी) होतात. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, नवशिक्या वादकालाही सोप्या. गिटारवरही दोन्ही उघड्या कॉर्ड, कॅपो (पट्टी चढवायला तारांवर लावायचा चिमटा) नको.

ट्रान्स्पोझचं (कीबोर्डची पट्टी बदलायचं) बटण वापरणार असाल तर गाणं संपल्यावर शून्यावर आणायची आठवण कुणा एकावर सोपवा. पुढच्या गाण्याची पहिली ओळ त्याच बटणापायी वाया जाते.

---

कहोन_आणि_कढी

टेम्पोचा घोळ सोडवू. गाण्याची मोजणी ६/८ किंवा १२/८, म्हणजे प्रत्येक ठोक्याचे तीन भाग. ठोका मिनिटाला साधारण ६४, म्हणून छोट्या मात्रा ६४ गुणिले ३, १९२. टेम्पो मोजणारी सॉफ्टवेअर बहुधा दोन-दोन छोट्या मात्रांचा गट धरतात आणि १९२ भागिले २ करून ९६ सांगतात. आकडा खोटा नाही, पण ९६ वर क्लिक लावून वाजवायला बसलात तर सहा मात्रांत तीन टिकटिक येतील आणि गाण्याचे ठोके दोनच. तीनावर दोन असं भांडण सुरू होतं आणि तिसऱ्या ओळीला कुणीतरी घसरतंच. मेट्रोनोमवर ६४ लावा, प्रत्येक ठोक्याचे तीन भाग ऐकू येतील असं ठेवा.

प्रत्येक कॉर्ड सहा मात्रा टिकते. म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन ई मायनर, एक आवर्तन बी मायनर. प्रत्येक आवर्तन जेमतेम दोन सेकंदांचं.

आता खरी गोम. आपल्या दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली असते, तबल्याचा माणूस तिथे हात हलका करतो. इथे नेमकं उलटं: ड्रमची किक (खर्जाचा ठोका) पहिल्या मात्रेवर आणि स्नेअर (कोरडा, कडक ठोका) चौथीवर. टाळीसुद्धा चौथीवरच पडते. दादऱ्याच्या सवयीने वाजवलं तर सगळं मोजमाप बरोबर असूनही गाण्यातला सोल नाहीसा होतो, एखादं भावगीत चाललंय असं वाटतं. कहोनवर असं ठेवा:

१: मधोमध बेस, भरीव
२: काही नाही
३: बोटांच्या टोकाने अगदी बारीक
४: वरच्या कडेवर कोरडा स्लॅप
५: काही नाही
६: पुन्हा बारीक, तीच पुढच्या बेसकडे नेते

दुसरी आणि पाचवी रिकामी सोडणं जमत नाही म्हणून लोक भरतात. भरू नका. आणि चौथीचा स्लॅप केसभर उशिरा पडला तर चालेल, आधी अजिबात नको.

कीबोर्डचा तयार ठेका वापरायचाच झाला तर ८ बीट किंवा १६ बीट नको. 'स्लो रॉक' नावाचा ठेका बहुतेक कीबोर्डांत १२/८ असतो. तो ६४ वर लावा. पण कहोन आहे तर ठेका बंदच ठेवा असं माझं मत. दोन्ही एकत्र म्हणजे दोन मालक.

---

रेकॉर्ड_कपाट

थोडी पार्श्वभूमी देतो, निवेदन करणाऱ्याला उपयोगी पडेल, कारण ह्या गाण्याबद्दल स्टेजवरून बरंच काहीबाही सांगितलं जातं.

'फॉलिन' हे अलिशिया कीजचं पहिलं सिंगल, २००१ चं. लिहिलेलंही तिनेच, निर्मितीही तिचीच. तिचा आवाज त्याआधी रेकॉर्डवर आला होता: १९९७ च्या 'मेन इन ब्लॅक'च्या साउंडट्रॅकमध्ये तिचं एक गाणं आहे. त्या काळात ती कोलंबिया ह्या रेकॉर्ड कंपनीकडे करारबद्ध होती. तिथे काही जमलं नाही, मग अरिस्टा ह्या कंपनीचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस ह्याने तिला आधी तिथे घेतलं आणि २००० मध्ये स्वतःची जे रेकॉर्ड्स काढल्यावर तिकडे नेलं. नवी कंपनी आणि नवी गायिका. रेडिओवर भरवसा ठेवून बसण्याऐवजी डेव्हिसने ऑप्रा विनफ्रीला पत्र लिहून तिला कार्यक्रमात गायची संधी मिळवून दिली. पडद्यावर पियानोवर बसून गाणारी विशीतली मुलगी दिसली आणि पुढचं काम सोपं झालं.

'साँग्स इन ए मायनर' हा अल्बम जून २००१ मध्ये आला, पहिल्या आठवड्यात अमेरिकेत सुमारे २ लाख ३६ हजार प्रती गेल्या आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. सिंगल बिलबोर्ड हॉट १०० मध्ये ऑगस्टमध्ये पहिलं आलं आणि एकूण सहा आठवडे पहिलं राहिलं, मध्ये खंड पडून. ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत. फेब्रुवारी २००२ च्या ग्रॅमीत तिला पाच पुरस्कार होते, त्यातले तीन ह्या गाण्याचे: साँग ऑफ द इयर, सर्वोत्तम आर अँड बी गीत आणि सर्वोत्तम आर अँड बी गायिका. रेकॉर्ड ऑफ द इयर मात्र मिळालं नाही, ते यू-टू ह्या बँडकडे गेलं. निवेदक हे दोन पुरस्कार हमखास एक करतात. साँग ऑफ द इयर गीतकार-संगीतकाराला मिळतो, रेकॉर्ड ऑफ द इयर ध्वनिमुद्रणाला.

अल्बमचं नाव ए मायनर आणि गाजलेलं गाणं ई मायनरमध्ये. तेव्हा "नावाप्रमाणे ए मायनरमध्ये घ्या" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

ह्या चालीचं कूळ जुनं आहे. जेम्स ब्राउनच्या १९६६ च्या 'इट्स अ मॅन्स मॅन्स मॅन्स वर्ल्ड'चा संथ ६/८ डोलारा कानात असेल तर नातं लगेच कळतं. गायिकेला ते एकदा ऐकवा. चौथ्या मात्रेचं कहोनवाल्यांनी लिहिलंय ते तिथे फार स्पष्ट समजतं.

---

मंद्रसप्तक

मघाशी सुरुवातीच्या आलापाचं राहिलं.

एकटा आवाज असताना सूर सरकतो त्याची दोन कारणं. एक, गायिका मनातल्या मनात काळी ५ च्या सवयीकडे ओढली जाते. दोन, त्या ओळीत लांब हरकती आहेत आणि प्रत्येक हरकतीत थोडा थोडा सूर उतरत जातो. उपाय: तानपुऱ्याचं अॅप पांढरी ३ वर, पंचमात लावून, फक्त गायिकेच्या इअरफोनमध्ये. पियानो शिरला की ते बंद. इअरफोन नसेल तर वादकाने आधी खालचा ई आणि बी हळूच दाबून धरावेत, पेडल खाली ठेवावं आणि आवाज विरत असताना तिने सुरू करावं. प्रेक्षकांना ते खटकत नाही. तीन-चार वेळा नुसतं बघून सूर मिळेल ह्या आशेवर राहू नका, कार्यक्रमाच्या दिवशी तो मिळत नाही.

हरकतींचं. शास्त्रीय गळा पटकन मींड घेतो, इथे मींड कमी आणि पायऱ्या जास्त. गॉस्पेल वळणाची ही तान सुट्या स्वरांची असते: सां, कोमल नि, प, म, कोमल ग, सा. सहा स्वर, सहा मात्रा. आधी मेट्रोनोम ४० वर, एका मात्रेला एक स्वर, 'आ'कारात. प्रत्येक स्वर स्वतंत्र ऐकू आला पाहिजे. मग ५०, मग ६४. त्यानंतरच एका मात्रेत दोन. वेग आधी आणि स्वर नंतर असं केलंत तर मधले म आणि ग एकमेकांत मिसळतात आणि फक्त घसरण ऐकू येते. म वरून प कडे जाताना तीव्र मध्यमाचा ओझरता स्पर्श चालतो, ब्लूजमध्ये तो असतोच. त्यावर थांबायचं नाही.

तान घेताना शब्दातला स्वर ओढायचा, व्यंजन नाही. 'फॉ' वर सगळं काम, 'लिन' अगदी शेवटी, हलकं. 'ल' वर जीभ टाळूला लागली की तान तिथेच अडते.

आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी हरकत नको. दोन ओळी सरळ, तिसरीला एक.

---

सुरपेटी_४४

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. चौथ्या मात्रेचं करून पाहिलं, फरक लगेच कळला. आता दोन प्रश्न: मागच्या तिघींनी काय गायचं आणि दोनच कॉर्डवर साडेतीन मिनिटं कंटाळवाणी होऊ नयेत म्हणून काय करता येईल? शिवाय एक अंतरा मराठीत करून घ्यावा अशी सूचना आली आहे.

---

कीबोर्डवाला_नगर

तिघींना माझ्या उजव्या हाताचेच स्वर द्या. पहिली ई वरून डी, दुसरी बी वरून ए, तिसरी जी वरून एफ शार्प. प्रत्येकीला दोनच स्वर, एकेक पायरी खाली आणि परत. दुसरीला जपा: ई मायनरचा बी बरोबर असतो, पण ए वर येताना ती हमखास तिथेच राहते, कारण बी दोन्ही कॉर्डमध्ये आहे. चुकीचं ऐकू येत नाही, फक्त सेव्हनचा रंग जातो. तिला वेगळं बसवा.

थरांचं असं करा:

- पहिल्या ओळी: नुसता आवाज.
- मग पियानो एकटा. कहोन नाही, तिघी नाहीत.
- पहिल्यांदा ध्रुवपद आलं की कहोन.
- दुसऱ्या कडव्यात डाव्या हाताला अष्टकाची जोड.
- दुसऱ्या ध्रुवपदाला तिघी, आधी 'ऊ'कारात.
- मग चार आवर्तनं कहोन बंद, पियानो आणि गायिका.
- शेवटी सगळे, तिघी उघड्या 'आ'कारात, कीबोर्डवर स्ट्रिंगचा दुसरा थर. त्याचा आवाज पियानोच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, नाहीतर पेडल दाबल्यावर तो साचून पियानो गिळतो.

कंटाळा येतो तो सगळे पहिल्या मिनिटातच शिरल्यामुळे. मग वाढवायला काही उरत नाही, म्हणून वेग वाढतो. मधली चार आवर्तनं मोकळी सोडणं सर्वांत अवघड आणि सर्वांत फायद्याचं.

गिटार आलंच तर त्याला शेवटच्या भागात फक्त चौथ्या मात्रेवर तुटक कॉर्ड द्या. तारा छेडत बसू देऊ नका, पियानोच्या सहा मात्रांवर त्याच्या सहा मात्रा आदळतात.

---

आवाज_मिस्त्री

माइकचं कुणी लिहिलं नाही म्हणून. साधा डायनॅमिक माइक पुरे. खालच्या ओळींना तोंडापासून ४-५ सेंटिमीटर, शेवटच्या मोठ्या ओळींना २० च्या आसपास, आणि माइक बाजूला वळवायचा नाही, सरळ मागे न्यायचा. जवळ आल्यावर खर्ज फुगतो, तो ह्या गाण्याला शोभतो, पण मिक्सरवर लो-कट (अगदी खालचे आवाज कापणारं बटण) १०० हर्ट्झला ठेवा, नाहीतर प्रत्येक 'फ' आणि 'प' ला भडाका. तिघींना एकच माइक असेल तर अर्धवर्तुळात, सारख्या अंतरावर. मोठा आवाज असलेली अर्धं पाऊल मागे. रिव्हर्ब (घुमारा) सुरुवातीच्या एकट्या आवाजाला थोडा जास्त, कहोन आल्यावर कमी.

पेडल कीबोर्डला लावताना कीबोर्ड बंद ठेवा आणि चालू करताना पाय पेडलवर नको. बरेच कीबोर्ड चालू होतानाच पेडलची दिशा ठरवतात. पाय खाली असला तर सगळं उलटं होतं: दाबलं की सुकं, सोडलं की घुमतं. तसं झालं तर बंद करून पुन्हा चालू करा. काही पेडलांना खाली दिशा बदलायचा छोटा स्विचही असतो.

---

रेकॉर्ड_कपाट

मराठी अंतऱ्याबद्दल: भाषांतर हे कायद्याने वेगळं काम आहे, त्याला मूळ हक्कधारकांची परवानगी लागते. कार्यक्रमाच्या नेहमीच्या परवान्यात ते येत नाही. तसंच्या तसं गाणं स्टेजवर गायचं असेल तर भारतात रचनेच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम पाहणाऱ्या संस्थेचा) परवाना लागतो, आणि तो आयोजकांनी घ्यायचा असतो, कलाकारांनी नाही. हॉलच्या भाड्यात तो असतोच असं नाही, विचारून घ्या. कराओके ट्रॅक वाजवलात तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. तुमची साथ जिवंत आहे, म्हणून तो प्रश्न येत नाही.

नंतर व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर कंटेंट आयडीचा (हक्काची गाणी आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) दावा येण्याची शक्यता धरा. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे हक्कधारकांकडे जातात. कॉपीराइट कायद्याच्या ३१-सी कलमात कव्हर रेकॉर्डिंगची सोय आहे, पण त्यात आधी नोटीस, किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ आणि मूळ रचनेत बदल न करण्याची अट. मंडळाच्या एका व्हिडिओसाठी तो रस्ता नाही. अंतरा इंग्रजीतच ठेवा, आणि मराठीत काही हवंच असेल तर निवेदनात दोन ओळींत आशय सांगून मोकळे व्हा.